प्रॉक्समॉक्सचं 'मूव्ह स्टोरेज': पर्याय मोजके, पण विचार करून दिलेले

एका पतसंस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. त्यांवर प्रॉक्समॉक्स आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारी प्रणाली. व्हीएमची डिस्क एका साठवणीतून दुसरीत हलवायचा तिच्यातला पर्याय म्हणजे 'मूव्ह स्टोरेज'. गेल्या महिन्यात चौदा व्हीएमच्या डिस्क जुन्या एनएफएसवरून (नेटवर्कवरची साठवण) एलव्हीएम-थिनवर (लागेल तशीच जागा घेणारी साठवण) हलवल्या, काउंटर चालू असतानाच.

खिडकीत मोजकंच विचारतात: कुठे हलवायचं, फॉरमॅट कोणता आणि 'डिलीट सोर्स', म्हणजे जुनी डिस्क पुसायची का. हा शेवटचा चौकोन मुळात रिकामा असतो, हे मला मनापासून आवडलं. काम झाल्यावर जुनी डिस्क 'अनयूज्ड डिस्क ०' म्हणून तिथेच दिसते. मी दोन दिवस थांबलो, हिशेब जुळल्याची खात्री केली, मगच ती पुसली. डिस्कवर स्नॅपशॉट (त्या त्या क्षणाची जपलेली स्थिती) असतील तर हलवून लगेच पुसायला प्रॉक्समॉक्स नकारच देतो. तेही बरोबरच आहे.

खटकलं ते वेगाच्या मर्यादेचं. रिस्टोअरच्या (बॅकअप परत आणायच्या) खिडकीत तो रकाना आहे, इथे नाही. कमांडवर 'बीडब्ल्यूलिमिट' (वेगमर्यादा) द्यावं लागतं, तेही किबीबाइट (1024 बाइट) प्रति सेकंदात. मी 102400 दिलं, म्हणजे सेकंदाला 100 एमआयबी (मेबीबाइट, म्हणजे 1024 किबीबाइट). भर दुपारी डिस्क हलवणाऱ्याला हा आकडा डोळ्यांसमोरच हवा.

आणखी एक, गेस्ट एजंटच्या (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम) सेटिंगमधला 'गेस्ट-ट्रिम' आधीच चालू करा, डिस्कवर 'डिस्कार्ड'ही; दोन्ही मिळून रिकामी जागा साठवणीला परत देतात. नाहीतर 60 जीबी डेटा असलेली 200 जीबीची डिस्क थिन पूलमध्ये (एलव्हीएम-थिनची सामायिक जागा) पुरे 200 जीबी अडवून बसू शकते. इतका कामाचा पर्याय इतक्या आत का ठेवलाय?

पाचपैकी चार तारे.