शिशाचा पाइप ओळखायचा कसा: नाणं, पट्टी की लॅबची बाटली?

शिकागोत १९८६ पर्यंत लहान घरांना रस्त्यावरून येणारी पाण्याची जोडणी शिशाचीच घालायचा नियम होता. त्यामुळे तिथे किंवा अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या गावात जुनं घर असेल, तर बाजारातली किट बघण्याआधी एक नाणं आणि फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन बेसमेंटमध्ये उतरा.

पाइप भिंतीतून किंवा फरशीतून वर येतो तिथपासून मीटरपर्यंतचा तुकडा बघायचा. ओल्या फडक्यानं पुसून नाण्याच्या कडेनं हलकं खरवडायचं. खाली चांदीसारखी चकाकी दिसली, धातू मऊ लागला आणि मॅग्नेट चिकटलं नाही, तर शिसं. व्हॉल्व्हपाशी कांद्यासारखा फुगीर जोड असेल तर शंकाच नको. तांबूस निघालं तर तांबं. मॅग्नेट घट्ट बसलं तर जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, म्हणजे जीआय. पॉलिश पेपर किंवा चाकू वापरू नका, शिशाचा कीस उडतो. नंतर हात धुवा.

उणीव एकच: दिसतो तेवढाच तुकडा कळतो, अंगणाखालचा पाइप वेगळा असू शकतो. त्यासाठी कुठल्या घराला कसला पाइप आहे याची पाणीपुरवठा खात्याची यादी बघावी. १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत ती करणं तिथे सक्तीचं होतं, पण बऱ्याच घरांपुढे ‘अज्ञात’ असंच लिहिलेलं आहे. आणि जीआय निघालं म्हणून लगेच सुटलो असं नाही. त्याच्या आधीच्या, रस्त्याकडच्या तुकड्यात कधीकाळी शिशाचा पाइप असेल, तर ते शिसं गंजात चिकटून बसलेलं असतं.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या, पाण्यात बुडवून तपासायच्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत. दोन रेघांमध्ये गडद कुठली हे डोळ्यांनी ठरवायचं, आणि तेही साधारण १५ पीपीबीच्या (अब्जात १५ भागांच्या) पुढेच कळणार. शिवाय पट्टीला विरघळलेलं शिसं तेवढं दिसतं, पाइपातून सुटलेले कण दिसत नाहीत. पट्टी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निश्चिंत होणं हाच तिचा मोठा तोटा.

पोस्टानं पाठवायची लॅबची किट मात्र घेण्यासारखी आहे, फक्त बाटलीचं माप बघून घ्या. अर्ध्या इंची तांब्याच्या पाइपात १ लिटर पाणी सुमारे २२ फुटांत मावतं. म्हणजे २५० मिलीची एकच बाटली असेल, तर नळ आणि त्यामागचा पाचेक फूट पाइप तपासला जातो. रस्त्यावरून येणारी जोडणी तपासलीच जात नाही. १ लिटरच्या दोन बाटल्यांची किट घ्यावी.

आधी किमान ६ तास घरात पाण्याचा थेंबही वापरायचा नाही. फ्लश, वॉशिंग मशीन, फ्रिजचा आइस मेकर, सगळं बंद. नमुना पहाटे घेणं सोयीचं. नळाची जाळी काढायची नाही, थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडायचा. पहिला लिटर पहिल्या बाटलीत, मधले तीन लिटर पातेल्यात, पाचवा दुसऱ्या बाटलीत, आणि मध्ये नळ बंद करायचा नाही. पहिल्यात नळाचं आणि जवळच्या सोल्डरचं शिसं येतं, पाचव्यात बहुधा बाहेरच्या जोडणीचं. मीटरपर्यंतचा पाइप लांब किंवा जाड असेल तर आणखी एखाद-दोन लिटर पुढचा नमुना घ्यावा. बाटली आधी विसळू नका. नमुना गोळा करण्यात घाई झाली की महागडं यंत्रही चुकीचंच उत्तर देतं.

निकाल मिग्रॅ/लिटरमध्ये असेल तर ०.०१ म्हणजे १० पीपीबी. तिथला जुना आकडा १५ चा, ऑक्टोबर २०२४ च्या नियमानं तो १० वर आणायचं ठरलं, अंमल २०२७ पासून. हा आकडा पुरवठादारानं कधी हालचाल करायची ते सांगतो; आरोग्याच्या दृष्टीनं लक्ष्य शून्यच आहे. एकदा कमी आलं तरी उन्हाळ्यात पुन्हा तपासावं, कोमट पाण्यात शिसं जास्त उतरतं.

आपल्याकडच्या घराघरांतला टीडीएस मीटर इथे निरुपयोगी: १० पीपीबी म्हणजे ०.०१ पीपीएम, आणि त्याचा सगळ्यात लहान आकडाच १ पीपीएमचा. पाणी उकळूनही शिसं जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. फिल्टर घेताना एनएसएफ ५३ या अमेरिकी मानकाच्या शिक्क्याखाली ‘शिसं’ स्पष्ट लिहिलेलं आहे का ते बघा. नुसती चव सुधारणारा ४२ चा शिक्का कामाचा नाही.

भारतीय मानक आयएस १०५०० मध्येही मर्यादा ०.०१ मिग्रॅचीच आहे. मात्र आपल्याकडे शिसं जुन्या पीव्हीसी पाइपांच्या स्टॅबिलायझरमधूनही (प्लॅस्टिक टिकावं म्हणून मिसळलेल्या रसायनातून) येऊ शकतं, आणि ते नाण्यानं खरवडून कळणार नाही. तिथे लॅबची बाटलीच लागते.