१०० मिमीचं साधं पर्जन्यमापक: जत-आटपाडीला पुरेल, महाबळेश्वरला नाही

पारदर्शक प्लास्टिकची नळी, वर १० सेंमी व्यासाचं नरसाळं, खुणा १०० मिमीपर्यंत. शेतकऱ्यासाठी कामाची वस्तू, पण घेताना एक तपासणी कराच. या तोंडात १ मिमी पाऊस म्हणजे ७.८५ मिली पाणी. २० मिलीच्या सिरिंजने ७८.५ मिली पाणी मोजून ओता. पातळी बरोबर १० मिमीच्या खुणेवर आली पाहिजे. नाही आली तर परत करा, कारण चूक रोज साठत जाते.

झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर खांब रोवा. नरसाळ्याची कडा समपातळीत हवी. पत्र्याजवळ लावलं की शिंतोडे उडून आकडा फुगतो. रोज सकाळी साडेआठला वाचा, लिहा, रिकामं करा. उन्हात पाणी उडून जातं आणि शेवाळ धरलं की खुणा दिसत नाहीत. छापील खुणा उन्हाने पुसट होतात, हा याचा खरा दोष. कोरीव खुणांचं मिळालं तर तेच घ्या.

जत-आटपाडीच्या कमी पावसाच्या भागात हे बहुतेक दिवस पुरेल. घाटमाथ्यावर मात्र अजिबात नाही: जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून असे ढग आता आणखी जोरात रिते होतात. तिकडे मोठ्या क्षमतेचंच मापक लावा.

आणि सांगलीकरांनो, अंगणातल्या आकड्यावर पुराचा अंदाज बांधू नका. पूर वरच्या पाणलोटातून, कोयना-कृष्णेतून येतो. त्यासाठी सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी बघा: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका.