मेकी मेकी : पितळेच्या पेल्यांवर तबला वाजवणारा बोर्ड

गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीला हात लावला की वाजेल असा देखावा करायचा होता, म्हणून मेकी मेकी घेतला. एमआयटी मीडिया लॅबमधल्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबाउम या दोघांचा हा बोर्ड, २०१२ साली किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या वेबसाइटवर आलेला, म्हणजे नवीन अजिबात नाही, पण मजा अजून तेवढीच येते.

यूएसबीला लावला की लॅपटॉपला वाटतं कीबोर्डच जोडलाय, ड्रायव्हरबिव्हर काही लागत नाही. एका हातात बोर्डाची अर्थची वायर धरायची, दुसऱ्या हाताने बोर्डाची क्लिप लावलेल्या पेल्याला शिवायचं, की झालं बटण दाबून, आवाज लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम काढतो. आत २२ मेगाओहमचे (म्हणजे खूप मोठ्या रोधाचे) रेझिस्टर आहेत त्यामुळे अंगातून गेलेला इतकुसा करंटही त्याला कळतो. काकूंचा पहिला प्रश्न, "शॉक नाही ना बसणार रे?" नाही काकू, यूएसबीचे ५ व्होल्ट आहेत फक्त. मग काकूंनी एका हातात वायर धरली, दुसऱ्या हातात नातवाचा हात, नातवाने पेल्याला बोट लावलं आणि "धा" वाजला, त्यानंतर पोरं तिथून हलेचनात!

पितळ, स्टील, भोपळा, पाणी सगळं चालतं. ओली शाडू माती तर झकास, फक्त वाळत गेली की गप्प होते. लाकडी पाटाला मात्र तांब्याची टेप लावावीच लागते.

आता खरं सांगायचं तर वाजवणाऱ्या माणसाला हा पुरणार नाही. हळू टेकवा नाहीतर थाड्कन मारा, आवाज तोच, कारण कीबोर्डच तो, त्याला दाबलं किंवा नाही दाबलं एवढंच समजतं, मग मींड आणि घसीट (सूर घसरवत नेणं) विसरा. शिवाय स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) किंवा जे काही वापरताय ती विंडो समोर हवी, नाहीतर तुमचा तबला व्हॉट्सॲपवर कुणालातरी "wwww" असा टाइप होऊन जातो.

अर्थची वायर धरायची कटकट नको असेल तर एमपीआर१२१ चिपचा टच सेन्सर बघा, १२ वस्तू जोडता येतात, पण त्याला आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि थोडं कोडिंग आलं. मंडळाला, शाळेला मेकी मेकी बिनधास्त घ्या. जास्तीच्या क्लिपा लॅमिंग्टन रोडला मिळतात, घेताना वायर जरा ओढून बघा, ती क्लिपेतून पटकन निसटते.