प्लेस्टेशन ५ स्लिम: नागपुरात घ्यायचा तर डिस्कवालाच

नागपुरात बर्डीच्या बाजारात कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, घ्यायला गेलात की सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) स्लिमची दोन खोकी समोर येतात. एकात डिस्क ड्राइव्ह आहे, दुसऱ्यात, म्हणजे 'डिजिटल'मध्ये, नाही; त्यावर गेम फक्त डाउनलोड करून खेळायचे. ५ एप्रिल २०२४ ला हे मॉडेल भारतात आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० रुपये होती आणि डिजिटलची ४४,९९०. आतलं मशीन एकच आहे. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स तेच, १ टीबीची एसएसडी (गेम साठवायची वेगवान डिस्क) तीच, आणि त्यातली साधारण ८४२ जीबी जागाच गेमसाठी मोकळी मिळते. म्हणून दहा हजार वाचवावेत असं सहज वाटतं. आमचं मत उलट आहे: इथे, या शहरात, डिस्कवालाच घ्या.

आधी पैशांचं पाहू. नवा मोठा गेम ४,९९९ च्या घरात पडतो. डिस्क खेळून झाली की विकता येते किंवा मित्राशी अदलाबदल करता येते. धरा, ती ३,००० ला गेली, तर चार गेममध्ये १२,००० परत आले आणि ड्राइव्हचे पैसे वसूल झाले. डिजिटल गेमला हे दारच नाही. मात्र जो वर्ष-दीड वर्ष थांबून फक्त ऑनलाइन सेलमध्येच गेम घेतो, त्याला हा हिशेब फारसा लागू पडत नाही.

जुनी डिस्क घेताना ती उजेडात तिरपी धरून पाहा. पीएस५ च्या गेमची डिस्क ब्लू-रे प्रकारची असते, आणि ब्लू-रेमध्ये डेटाचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. वर कठीण लेप असतो, म्हणून बारीक रेघा सहज पडत नाहीत; पण खोल ओरखडा पडलाच तर सीडीसारखी घासून-पॉलिश करून ती दुरुस्त होत नाही. मधल्या भोकाभोवती तडा असेल तर डिस्क घेऊच नका. पुसायची तर मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल फिरवून नाही. आणि खोक्यात खरोखर डिस्क आहे ना, हे उघडून बघा. काही खोक्यांत नुसता डाउनलोडच्या कोडचा कागद असतो, आणि कोड एकदा वापरला की त्याचं मोल शून्य.

मालकीचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरमध्ये पैसे भरले की मिळतो तो वापराचा परवाना, आणि तो तुमच्या खात्याला बांधलेला असतो. तो विकता येत नाही, धाकट्या भावाच्या खात्यावर टाकता येत नाही. सोनीने ३१ ऑगस्ट २०२१ ला प्लेस्टेशन स्टोअरवरची चित्रपटविक्री थांबवली. पुढच्याच वर्षी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ग्राहकांनी विकत घेतलेले स्टुडिओ कॅनालचे चित्रपट परवाना संपला म्हणून त्यांच्या लायब्ररीतून गेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने कायदाच केला: १ जानेवारी २०२५ पासून परवानाच विकत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगायचं, नुसतं 'खरेदी करा' लिहून भागत नाही.

पण डिस्क म्हणजे सगळा गेम हातात आला असंही नाही. २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबीच्या आसपास डेटा होता, बाकी सगळा डाउनलोड. 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि डिस्कवाल्यांच्या हातातही नुसती चकती उरली. म्हणून डिस्क घेण्याआधी दोन गोष्टी शोधा: गेम इंटरनेटशिवाय सुरू होतो का, आणि अपडेट न घेता डिस्कवरूनच शेवटापर्यंत खेळता येतो का. एकट्याने खेळायच्या, कथेच्या मोठ्या गेमपैकी पुष्कळ या कसोटीला उतरतात. निव्वळ ऑनलाइन खेळायच्या गेमसाठी डिस्कवर पैसे घालवू नका. परदेशातून आलेली गेमची डिस्क इथे चालते, पण तिचं जादा कंटेंट (गेमला नंतर जोडायचे भाग) घ्यायचं तर डिस्क ज्या प्रदेशाची त्याच प्रदेशाचं खातं लागतं. भारतीय खात्यावर घेतलेलं कंटेंट अमेरिकन डिस्कला लागू होत नाही. पैसे इथेच वाया जातात.

ज्यांनी आधीच डिजिटल घेतला आहे त्यांनी सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले' सुरू आहे ना हे आजच पाहावं. ते बंद असेल तर इंटरनेट नसताना स्वतःच्या पैशाने घेतलेला गेमही उघडत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्लेस्टेशनचं नेटवर्क जवळजवळ दिवसभर बंद होतं, तेव्हा या एका सेटिंगची किंमत कळली. स्लिमला ड्राइव्ह नंतरही जोडता येतो: खालचं पॅनल काढायचं, ड्राइव्ह खटकन बसवायचा आणि एकदा इंटरनेटवरून जोडणी करायची. पण जुन्या जाड पीएस५ मधला ड्राइव्ह यात बसत नाही, आणि हवा तेव्हा सुटा ड्राइव्ह बर्डीत मिळेलच असं धरून चालू नका.

आता नागपूरचा उन्हाळा. सोनीने या यंत्रासाठी दिलेली खोलीच्या तापमानाची मर्यादा ५ ते ३५ अंश आहे. शहराचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, वरच्या मजल्याची, स्लॅब तापलेली खोली संध्याकाळी सातलाही ३५ च्या वर असते. पीएस५ पुढून दोन्ही बाजूंनी हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. त्यामुळे टीव्हीच्या शोकेसच्या बंद कप्प्यात तो ठेवला की स्वतःचीच गरम हवा पुन्हा आत घेतो. आधी पंख्याचा आवाज वाढतो, मग पडद्यावर यंत्र फार तापल्याची सूचना येते आणि ते बंद करावं लागतं. मागे आणि बाजूंना किमान १० सेंटिमीटर जागा हवीच. मागची बाजू तर पूर्ण मोकळी असलेली बरी. यंत्र आडवं ठेवा. त्यासाठीचे दोन छोटे पाय खोक्यात येतात. उभं ठेवायचा स्टँड मात्र वेगळा घ्यावा लागतो.

कूलरबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे, कारण इथे घरोघरी तोच आहे. कूलरने खोली थंड होते आणि त्याचा कन्सोलला फायदाच होतो. पण झोत थेट यंत्रावर नको. बाहेरची धूळ आणि ओलसर हवा एकत्र आत गेली की यंत्रातल्या पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांत चिकट थर बसतो. कोरडी धूळ फुंकरीने निघते, हा थर निघत नाही. पंप जोरात चालून वाळ्याच्या जाळीतून तुषार उडत असतील तर पाण्यातला क्षारही त्यांच्याबरोबर येतो. कूलर खिडकीत आणि कन्सोल त्याच्या समोरच्या भिंतीला, ही मांडणी सर्वांत वाईट. कन्सोल कूलरच्याच बाजूच्या भिंतीला, झोताच्या बाहेर ठेवा. जून संपत आला की हवा दमट होते, कूलरने खोली थंड होत नाही आणि ओलावा मात्र वाढतो. तेव्हा कूलर बंद, पंखा सुरू.

सफाई वर्षातून दोनदा: होळीच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर. वायर काढा, पॅनल उचलून काढा, पंखा बोटाने किंवा काडीने अडवून धरा आणि मऊ ब्रशने धूळ सोडवत व्हॅक्यूमने ओढा. पंखा मोकळा फिरू दिला तर झोताने तो वेगात फिरून खराब होऊ शकतो. याच्या पुढे जाऊ नका. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या नेहमीच्या पेस्टऐवजी द्रव धातू आहे. तो वीज वाहतो आणि थेंब बोर्डावर पडला तर शॉर्ट होतो. ज्या मेकॅनिकने हे काम आधी केलेलं नाही त्याला हीटसिंक उघडू देऊ नका.

जादा साठवणीसाठी पॅनलखाली एम.२ एसएसडीची (पट्टीसारख्या चपट्या एसएसडीची) जागा आहे. चौथ्या पिढीची पीसीआय एक्सप्रेस, वाचनाचा वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त, क्षमता २५० जीबी ते ८ टीबी. हीटसिंक लागतोच, आणि त्यासकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी. लॅपटॉपसाठीची उघडी एसएसडी तशीच बसवली तर आपल्या उन्हाळ्यात ती लवकर तापते. साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर पीएस४ चे गेम चालतात, पीएस५ चे फक्त ठेवता येतात, खेळता येत नाहीत. आणि एक मोठी उणीव: पीएस५ गेमची प्रगती पेन ड्राइव्हवर सुटी काढून ठेवता येत नाही, क्लाउडवर (सोनीच्या सर्व्हरवर) ठेवायची तर प्लेस्टेशन प्लसचं वर्गणीचं खातं लागतं. आपल्याच खेळाची नोंद आपल्याला घेता येऊ नये, हे आम्हाला अजिबात पटत नाही.

वळवाच्या पावसात लाईन जाते आणि येताना झटका देऊन येते. अपडेट सुरू असताना असं झालं तर डेटाबेस, म्हणजे यंत्रातल्या साठ्याची यादी, बिघडू शकतो. मग सेफ मोडमध्ये (दुरुस्तीच्या मेनूत) जाऊन 'डेटाबेस रीबिल्ड' करावं लागतं: यंत्र बंद असताना पॉवरचं बटण दाबून धरा, दुसरी बीप आली की सोडा. कंट्रोलर केबलने जोडलेला हवा. ६०० व्हीएचा यूपीएस टीव्हीसकट फार तर काही मिनिटं टिकतो, पण नीट बंद करायला तेवढं पुरतं. घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे लाईनसारखीच गुळगुळीत वीज देणारा. एचडीएमआय पोर्ट (टीव्हीची केबल लागते ती जागा) जळण्याचं एक कारण मात्र यूपीएसने टळत नाही: गच्चीवरच्या डिशच्या छत्रीच्या केबलमधून आलेला विजेचा झटका सेट-टॉप बॉक्स, टीव्ही असा प्रवास करत एचडीएमआयमधून कन्सोलमध्ये येतो. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर एचडीएमआयही काढा, आणि परत लावताना दोन्ही उपकरणं बंद ठेवून लावा.

चित्रपटांसाठी ड्राइव्हचा वेगळा फायदा आहे. ४के ब्लू-रे, साधी ब्लू-रे आणि डीव्हीडी चालतात. चित्राचे रंग आणि उजेड खुलवणारं डॉल्बी व्हिजन नाही. ४के डिस्क कुठल्याही देशाची चालते. साध्या ब्लू-रेला प्रदेशाचं बंधन आहे आणि भारत 'सी' प्रदेशात येतो, म्हणून अमेरिकेतून आणलेली 'ए' प्रदेशाची डिस्क अडते. ऑडिओ सीडी चालत नाही, व्हीसीडीही नाही. मराठी घरांत हे दुसरं जास्त अडतं, कारण माळ्यावरच्या डब्यात नाटकांच्या, जुन्या सिनेमांच्या आणि लग्नाच्या चित्रीकरणाच्या असतात त्या व्हीसीडीच.

लग्नाची व्हीसीडी बहुधा घरगुती रायटरवर लिहिलेली असते. तिच्यात माहिती रंगाच्या थरावर असते आणि माळ्यावरच्या उष्णतेने तो थर उडत जातो, तेव्हा तिची संगणकावर प्रत काढायचं काम या उन्हाळ्याआधी करा. संगणकाला यूएसबीचा डीव्हीडी रायटर जोडा. डिस्कमधल्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरात '.डॅट' फाइल असते. ती नुसती कॉपी करताना अडली तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये डिस्क उघडून 'कन्व्हर्ट' वापरा आणि एच.२६४ या प्रकारात एमपी४ फाइल बनवा. मूळ चित्र ३५२ बाय २८८ चंच आहे. मोठं करून काही मिळत नाही, तेच माप ठेवा. एक प्रत एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घातली की ती पीएस५ वर टीव्हीला दिसते, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून ती डिस्क दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा काकांकडे, देऊन ठेवा.