सुकाणूची बोट की आऊटबोर्ड? शेततळ्यावर वेगाने चालवणाऱ्यांसाठी

रिमोटची वेगवान बोट घ्यायची म्हटलं की आधी मोटर किती केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे) आणि बॅटरी किती सेलची हे बघितलं जातं. ते दुकानदारही सांगतो. मला बोलायचंय ते त्याच्या पुढचं: बोट वळणार कशाने? पंख्याचा दांडा जागेवर पक्का आणि वळवायला वेगळं सुकाणू, की मोटर-पंख्यासकट अख्खा पाय वळवणारी आऊटबोर्ड? माझ्याकडे दोन्ही आहेत आणि तीन वर्षं दोन्ही आलटून पालटून चालवल्यात.

दोन्हींत पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून फिरतो, मागे पाण्याचा तुरा उडतो. दांडा पाण्यात बुडून ओढ घेत नाही, म्हणून तो वेग. खऱ्या मोठ्या बोटींतही हीच दोन घराणी आहेत. पोहण्याच्या तलावांचं सफाई यंत्र काढणाऱ्या हॉवर्ड आर्नेसन यांनी जो ड्राइव्ह केला, त्यात मागचा दांडा गोल सांध्यावर बसतो आणि हायड्रॉलिक सिलिंडर त्याला डावी-उजवीकडे, वर-खाली हलवतात. पंख्याचा जोरच बोट वळवतो. दुसऱ्या घराण्यात दांडा हलत नाही, वळवायचं काम सुकाणूचं. आपल्या साठ-सत्तर सेंटिमीटरच्या बोटींत आऊटबोर्ड पहिल्या घराण्याची.

आऊटबोर्डचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. सरळ रेषेत ती हलकी पळते, सुकाणूच्या पात्याची ओढ नाही. अर्धा बुडालेला पंखा बोटीचं बूड एका बाजूला ढकलत असतो; मागून बघताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल तर बूड उजवीकडे सरकतं आणि नाक डावीकडे जातं. आऊटबोर्डमध्ये पाय केसभर वळवून ठेवला की झालं. सुकाणूच्या बोटीत त्यासाठी सुकाणू सतत तिरकं धरावं लागतं, म्हणजे थोडा ब्रेक लावूनच पळणं. नाक वर-खाली करायलाही आऊटबोर्डला एक बोल्ट पुरतो. आणि थ्रॉटल देऊन ती जितक्या कमी जागेत फिरते, तितकी माझी दुसरी बोट कधीच फिरली नाही.

सुकाणूच्या बोटीला बसवणीचा वेळ लागतो, हे मान्य. स्ट्रटची, म्हणजे बोटीमागे दांड्याला धरणाऱ्या आधाराची, उंची अशी लावायची की दांडा बोटीच्या तळाच्या रेषेच्या आसपास राहील. स्ट्रटचं मागचं टोक जरा वर केलं तर बूड दबतं आणि नाक उठतं. खाली केलं तर उलट. एकेक मिलिमीटरने बदल करायचा, दोन गोष्टी एकदम हलवायच्या नाहीत. सुकाणू एका अंगाला असल्यामुळे उजवं वळण आणि डावं वळण सारखं येत नाही, तेही सवयीने समजतं. स्ट्रट आणि पंख्याला धरणाऱ्या पकडीत दोन-तीन मिलिमीटर फट ठेवायला विसरू नका. जोर आला की फ्लेक्स शाफ्टची, म्हणजे मोटरचा जोर पंख्यापर्यंत नेणाऱ्या लवचिक दांड्याची, तार पिळली जाऊन आखूड होते आणि फट नसेल तर पकड स्ट्रटवर घासते. तो शाफ्ट दर वेळी ओढून काढून, पुसून, ग्रीस लावून ठेवायचा. कंटाळा केला तर गंज. आऊटबोर्डमध्येही बहुधा हीच तार असते, फक्त आखूड, तेव्हा या कामातून तीही सुटत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो.

आमच्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचं पाणी मोठं आहे, पण हिवाळ्यात तिथे पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा मी बोट नेत नाही आणि तुम्हीही नेऊ नये. शहरातल्या कंबर तलावात वेली आणि कमळं. मग उरतं शेततळं. माझ्या मामांचं मंगळवेढ्याकडे डाळिंबाच्या बागेसाठी तीस बाय तीस मीटरचं आहे, आत पाणी मुरू नये म्हणून पाचशे मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद. तीस मीटर ही भरधाव बोटीला काही सेकंदांची जागा.

एप्रिलमधली सकाळ होती. आऊटबोर्ड समोरच्या काठाकडे निघाली, वळण चुकलं. मित्र ओरडला, "फिरव की बे!" मी घाबरून कोणीही करेल तेच केलं: थ्रॉटल सोडला आणि रिमोटवरचं चाक पूर्ण फिरवलं. बोट सरळ गेली. पंख्याचा जोर हेच तिचं सुकाणू. जोर काढून घेतला की पाय पाण्यात वळतो, बोट फारशी वळत नाही. उलट फिरवून थांबवायची सोय नव्हती, कारण उलट फिरवलं की शाफ्टच्या तारेचा पीळ सुटतो. बोट उतारावर चढली आणि घसरताना पायाच्या खालच्या पात्याने कागद वीतभर चिरला. पाण्याच्या रेषेखाली चार बोटं.

मामा रागावले नाहीत. काठावर उकिडवे बसून त्यांनी चिरेवर बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "पाणी किती उतरतंय, बघ दोन दिस." कागद कोरडा असल्याशिवाय जोड बसत नाही, म्हणून आंबिया बहाराची फळं झाडावर असताना हातभर पाणी काढून टाकावं लागलं. ते पाणी मला अजून आठवतं.

त्यानंतर मुद्दाम दोन्ही बोटी एकाच तळ्यावर, काठापासून लांब, थ्रॉटल सोडून वळवून बघितल्या. फूटपट्टी लावली नाही. सुकाणूची बोट वेग ओसरेपर्यंत हाताला ऐकते. पाणी पात्यावरून वाहतंय तोवर सुकाणू काम करतं. आऊटबोर्ड थोडीफार वाकते, पण तिच्या मर्जीने. मोठ्या जलाशयावर, भरपूर जागेत, हा फरक तुम्हाला कदाचित जाणवणारही नाही. ज्यांचा हात पक्का आहे ते वळणात चतुर्थांश थ्रॉटल धरून ठेवतात आणि त्यांना अडचण येत नाही. माझा हात तेवढा पक्का नाही, आणि नवीन माणसाचा तर नसतोच.

आणखी एक, आपल्या गावापुरतं. सुकाणूचा ब्रॅकेट वाकला तर यंत्रमागाचे सुटे भाग करणारा अक्कलकोट रोडचा लेथवाला नमुना बघून अल्युमिनियमचा नवा करून देतो. माझे दोन दिलेत. नायलॉनच्या कच्च्या स्क्रूवर सुकाणू बसवलं तर धडकेत स्क्रू तुटतो आणि पातं उचललं जातं, मोडत नाही. आऊटबोर्डचा खालचा पाय गेला तर बाहेरून मागवून वाट बघत बसायचं.

तरी आऊटबोर्डच घ्यायची असेल तर पाय वळवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्वो, मजबूत घ्या, मला वीस किलो-सेंटिमीटर जोराचा लागला. जोडदांड्यातली अर्ध्या मिलिमीटरची ढील भरधाव असताना बोट नागमोडी नेते. शेततळ्यावर धातूचा पंखा लावू नका. आणि बोट कोणतीही असो, मधे बंद पडली तर आत उतरू नका. ओल्या कागदावर पाय ठरत नाही आणि वर येता येत नाही. गळाच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून फेकायचा, बोटीपलीकडे टाकून हळूहळू ओढायचं. मामांच्या खोपीत ती दोरी खिळ्याला टांगलेलीच असते.