वेलकम कलेक्शनचं ऑनलाइन अर्काइव्ह: मुंबईच्या प्लेगपासून औषध कंपनीच्या दप्तरापर्यंत

आरोग्याच्या इतिहासातलं काही शोधत असाल, म्हणजे जुनी हॉस्पिटलं, औषध कंपन्या, लसीकरण, प्लेग कमिटी असलं काहीही, तर लंडनच्या वेलकम कलेक्शनची, म्हणजे तिथल्या आरोग्यविषयक म्युझियम आणि लायब्ररीची, वेबसाइट उघडाच. स्कॅन केलेलं सगळं फुकट वाचता येतं, बहुतेक गोष्टींना लॉगिन पण लागत नाही, आणि मी मुंबईत राहून सांगते की आपल्याच शहराचे प्लेगचे फोटो इतक्या मोठ्या साइजमध्ये आणि इतक्या सहज मला दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत.

आधी हे कुणाचं ते सांगते. हेन्री वेलकम आणि सायलस बरोज ह्या दोन अमेरिकन माणसांनी १८८० मध्ये लंडनला बरोज वेलकम अँड कंपनी काढली. दाबून बनवलेल्या गोळ्या आणि प्रवासी लोकांसाठी तयार औषधपेट्या विकून कंपनी प्रचंड वाढली, १९१२ मध्ये मुंबईत पण शाखा उघडली. वेलकम १९३६ मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार वेलकम ट्रस्ट उभा राहिला, हे कलेक्शन त्याच ट्रस्टचं. कंपनी १९९५ मध्ये ग्लॅक्सोत गेली, पण तिचं जुनं दप्तर ह्या लायब्ररीकडे आलं. पत्रव्यवहार, जाहिराती, प्रयोगशाळांचे कागद, सगळं. धंदा विकला की दप्तर रद्दीत, हे आपण किती वेळा बघितलंय, म्हणून मला ह्याचं खूप अप्रूप वाटतं.

पण मी तिथे गेले ती प्लेगसाठी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचा पेशंट ओळखला आणि मार्च १८९७ मध्ये सरकारने जनरल गटाकर ह्यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली. त्या कमिटीच्या कामाचा फोटो अल्बम इथे आहे, फोटो कॅप्टन मॉस ह्यांच्या नावावर आहेत. घरं धुवायला आणलेला बंब, हॉस्पिटलांतल्या खाटा, अधिकाऱ्यांचे ग्रुप फोटो. झूम करत गेलं की मागच्या चाळीचा कठडा, बघायला जमलेल्या माणसांचे चेहरे, भिंतीवरचे डाग पण दिसतात. फोटोशेजारी लायसन्स स्वच्छ लिहिलेलं असतं, कुठे वापरता येईल, नाव द्यायचं की नाही. शाळेच्या प्रोजेक्टला किंवा लेखाला वापरणाऱ्यांनी ते वाचाच, गूगलवरून उचललेल्या फोटोला असं काही नसतं.

एक गोष्ट मात्र मनात ठेवून बघा. हे कागद ज्यांच्याकडे छापखाना, कारकून आणि कॅमेरा होता त्यांनी बनवलेले आहेत. अधिकाऱ्यांची नावं हुद्द्यासकट मिळतात, खाटेवरचा माणूस बहुतेक वेळा नुसता 'पेशंट'. रिपोर्ट वाचताना कमिटीने किती शिस्तीत काम केलं हेच समोर येतं. पण १८९६ मध्येच गिरणी कामगारांनी आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्ला केला होता, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही अशी भीती पसरली होती, आणि ती भीती कामगारांच्या स्वतःच्या शब्दात तुम्हाला ह्या रिपोर्टात मिळणार नाही. पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत ह्यांनी प्लेगच्या पेशंटसाठी दवाखाना चालवला, त्यातच लागण होऊन सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला गेल्या. असे दवाखाने डोक्यात ठेवूनच हे सरकारी कागद वाचायला हवेत. नाहीतर आपण पण नकळत गटाकर साहेबांच्या नजरेने बघायला लागतो.

आता साइट वापरायला कशी आहे ते. सर्च चांगला आहे, फोटो वेगळे आणि कॅटलॉग वेगळा शोधता येतो, वर्षं टाकता येतात, आणि फक्त ऑनलाइन असलेल्याच वस्तू दाखव असं पण सांगता येतं (हे आधी लावा, नाहीतर जे उघडतच नाही त्याच्यावर तासभर जाईल). अर्काइव्हच्या कागदांना शाखा उपशाखांचं झाड दिसतं, म्हणजे ही फाइल कंपनीच्या कुठल्या विभागातली हे लगेच कळतं, मला हे फार आवडलं कारण सुटा कागद काहीच सांगत नाही, त्याच्या आजूबाजूला काय ठेवलं होतं ते कळलं की अर्थ लागतो. छापील पुस्तकांच्या आत शब्द शोधता येतो. पण तक्त्यांमध्ये हा प्रकार गडबडतो, आकडे स्वतःच्या डोळ्यांनीच तपासा. आणि शोधताना बॉम्बे, पूना, टान्ना अशी जुनी नावं टाका, मुंबई पुणे ठाणे टाकून अर्धं सुटतं.

न आवडलेलं पण सांगते. कॅटलॉगमध्ये नोंद आहे म्हणजे स्कॅन आहे असं नाही, आणि कंपनीच्या दप्तराचा मोठा भाग अजून लंडनला युस्टन रोडवर जाऊनच बघावा लागतो. तिथली लायब्ररी मेंबरशिप फुकट आहे, पण इथून जाणार कोण? तिकडे शिकणाऱ्या भाचा-भाचीला गळ घाला, दुसरा उपाय नाही. पेशंटची माहिती असलेल्या काही फाइल्स बंद ठेवलेल्या आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट असंच पाहिजे. मोठी पीडीएफ मोबाइलवर उतरवताना मात्र जीव जातो, लॅपटॉपच घ्या.

ह्याच्या जोडीला नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडचं ब्रिटिश इंडियाच्या वैद्यकीय इतिहासाचं कलेक्शन पण बघा, तेही फुकट. दिसायला साधं आहे, वेलकमसारखं देखणं नाही, पण मुंबई इलाख्याच्या वेड्यांच्या इस्पितळांचे वार्षिक अहवाल वाचायचे असतील तर तिकडेच. किती आले, किती बरे झाले, किती वारले, खर्च किती, आणि वेडाचं 'कारण' काय. त्या कारणांच्या रकान्यात गांजा सारखा दिसतो, आणि लगेच विश्वास ठेवायचा मोह होतो. पण त्याच साइटवर १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा, म्हणजे गांजा-भांगेची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या कमिशनचा, रिपोर्ट पण आहे, आणि कमिशनने गांजाच्या नावावर टाकलेल्या केसेस परत तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त टिकल्याच नाहीत, कारण नीट चौकशी न करताच पोलिसांकडून आलेल्या कागदावरून तो रकाना भरला जायचा. एकाच ठिकाणी चुकीचा तक्ता पण आणि त्याची उलटतपासणी पण! असं वाचायला मिळालं की रात्री दोन वाजले तरी उठवत नाही.

माझ्याकडून वेलकमला ५ पैकी साडेचार, अर्धा कापला तो स्कॅन न झालेल्या फाइल्ससाठी. स्कॉटलंडवाल्यांना ४. नवीन असाल तर प्लेगच्या फोटोंपासून सुरू करा, मग गटाकरांचा १८९७ चा रिपोर्ट, आणि काहीही डाउनलोड केलं की त्याचा रेफरन्स नंबर फाइलच्या नावातच टाकून ठेवा, दोन महिन्यांनी तोच फोटो परत शोधायला बसलं की त्याची किंमत कळते.