माहितीचा अधिकार अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, पाच टक्के सूट मिळते म्हणून, मी नेहमीप्रमाणे पहिल्याच महिन्यात घरफाळा भरला आणि चलनावरील ओळी प्रथमच सावकाश वाचल्या. मूळ कर, त्यावर सहा टक्के ग्रंथालय उपकर, आरोग्य उपकर, भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठीचा उपकर आणि घनकचऱ्याचे शुल्क. पुढे जूनचा पाऊस लागला आणि दोनच वर्षांपूर्वी नव्याने बांधलेल्या गटारीचे पाणी आमच्या गल्लीतील चार घरांच्या उंबऱ्यांना भिडले. त्या गटारीवर किती पैसा खर्च झाला आणि त्या पैशात प्रत्यक्ष काय बांधले गेले, हे कागदावर पाहायचे असे मी ठरवले. जुलैपासून मेअखेरपर्यंत त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरला. आमचे शहर बेळगाव जिल्ह्यात आहे. तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हाच अनुभव खानापूरपासून निपाणीपर्यंत कोणालाही येऊ शकतो असे मला वाटते.

पहिला अर्ज मी चुकीचा लिहिला. ‘गटार निकृष्ट का झाली’ असा प्रश्न त्यात होता, आणि कायदा देतो ती कार्यालयाच्या दप्तरी असलेली माहिती. अधिकाऱ्याने कारणे शोधून द्यावीत असे त्यात बंधन नाही. अर्ज परत आला आणि दहा रुपयांचे शुल्क वाया गेले. दुसऱ्या अर्जात मी केवळ कागद मागितले: अंदाजपत्रक, कार्यादेश, अंतिम देयक आणि मोजमाप पुस्तकाची संबंधित पाने. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत मांडावा लागतो. ही मर्यादा आधी जाचक वाटली, पण तिच्यामुळे माझे मागणे नेमके झाले हे मान्य करतो.

भाषेचा प्रश्न मात्र गंभीर आहे. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे, त्यामुळे तक्रार मराठीत देता येते. माहितीचा अर्ज मात्र कलम ६ प्रमाणे इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेतच करावा लागतो, म्हणजे आमच्याकडे कन्नडमध्ये. शेजारच्या काकूंच्या मुलीने माझा अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला आणि उत्तरही तिनेच वाचून समजावले. कन्नड शिकायला माझी हरकत नाही, मी शिकतोच आहे. परंतु ज्या गल्लीतील बहुतेक घरे मराठी वाचतात, तिथल्या फाळ्याचा हिशेब त्या गल्लीला वाचता येईल अशा भाषेत मिळावा, ही मागणी मला रास्त वाटते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही. त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील केले, तेव्हा कागद हलले. मुदत टळल्यावर माहिती विनाशुल्क द्यावी लागते, हे कलम ७(६) अपिलात नमूद केल्याचा उपयोग झाला आणि प्रतींचे पैसे कोणी मागितले नाहीत. तरीही जे आले ते अंदाजपत्रक आणि देयक एवढेच होते. मोजमाप पुस्तकाची पाने नव्हती. या अकरा महिन्यांत मी शिकलो ते इथेच. देयकातून रक्कम कळते. त्या रकमेत काय बांधले गेले ते मोजमाप पुस्तकातून कळते. किती लांबी, किती रुंदी, किती खोली, तळाच्या काँक्रीटची जाडी किती, हे सारे अभियंत्याने जागेवर मोजून त्यात नोंदवायचे असते आणि देयक त्याच आकड्यांवर निघते. अर्थसंकल्पाच्या बैठकीत कोट्यवधींच्या तरतुदींवर तासन्‌तास बोलले जाते, पण पैसा खरोखर गळतो की नाही याचा निकाल या पुस्तकातील एका ओळीवर लागतो, आणि ती ओळ सहसा कोणी मागत नाही.

पाने मिळत नाहीत म्हटल्यावर मी कलम २ मधील (ञ) या पोटकलमाचा आधार घेतला. त्यात कागदपत्रांबरोबरच प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. डिसेंबरमध्ये पाहणीचा दिवस मिळाला. पुस्तकात गटारीची लांबी १४० मीटर लिहिलेली होती. त्याच संध्याकाळी आम्ही तिघांनी टेप धरून ती दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा ११८ मीटर भरली. कोपऱ्यावरचा जो तुकडा बांधलाच नव्हता, पाणी नेमके तिथेच तुंबत होते. मला कोणावर चोरीचा आरोप करायचा नाही, आखणी मध्येच बदलली असणेही शक्य आहे. पण तसे असेल तर त्याची नोंद कुठे तरी हवी होती आणि ती कोणालाही दाखवता आली नाही.

दोन्ही आकडे समोर ठेवून, दोषदायित्वाचा कालावधी (बांधकामातील दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा ठरलेला काळ) अजून संपलेला नसल्याचे दाखवून मी लेखी तक्रार दिली. मार्चमध्ये राहिलेला तुकडा बांधून झाला. तो कशामुळे झाला हे कागदावर कुठेच लिहिलेले नाही, पण काम झाले हे खरे. खिडकीवरच्या कारकुनाचे मी मनापासून आभार मानतो. फाइल कोणत्या टेबलावर आहे हे त्यांनी दर वेळी स्पष्ट सांगितले.

या वाटेची मर्यादाही लिहिली पाहिजे. कलम २० मध्ये विलंबासाठी दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड आहे, पण तो राज्य माहिती आयोगाने लावायचा असतो आणि तिथवर पोचायला बराच काळ जातो. न केलेल्या कामाचे पैसे परत वसूल करण्याची ताकद या कायद्यात नाही. ‘निधी नाही’ हे उत्तरही पुढे कायम ऐकावे लागते, तेव्हा १५ व्या वित्त आयोगाने दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता, हे माहीत असावे. मग त्या भागाचा खर्चतपशील स्वतंत्रपणे मागता येतो.

मागच्या गल्लीतील फरशीकामाचे मोजमाप पुस्तक मी जानेवारीत मागितले होते. पहिल्या अपिलावरही ते मिळालेले नाही. दुसरे अपील नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाच्या बेळगाव पीठाकडे नोंदवले आहे, सुनावणीची तारीख अजून आलेली नाही, आणि त्या गल्लीतील फरशा आत्ताच पाय ठेवला की हलू लागल्या आहेत.